आप्पांच्या रिव्हॉल्वरची किंमत

घरातला कर्ता माणूस गेला की मागे राहिलेल्या वस्तूंचा विचार करावाच लागतो. सायकल, घड्याळ, शिलाई मशीन यांची किंमत गल्लीतला कोणीही सांगतो. पण आमचे आप्पा २०२२ साली गेले आणि मागे एक परवान्याचे रिव्हॉल्वर राहिले. त्याची किंमत कोणाला विचारणार? सोलापुरात बुधवार पेठेत राहणाऱ्या आमच्यासारख्या कष्टकरी घरात असा प्रश्न सहसा येत नाही. आम्हाला आला, म्हणून त्यातून जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

आप्पा महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. नंतर ते पगाराची रोकड नेणाऱ्या गाडीवर रक्षक होते. त्यासाठी १९९८ साली परवाना काढून त्यांनी कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर घेतले. निवडणूक लागली की ते ठाण्यात जमा करायचे आणि पावती आईच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, हा त्यांचा नेम. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कधी चारचौघांत दाखवले नाही.

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नाही. परवानाधारक वारला की घरच्यांना ते हत्यार कपाटात ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. आम्ही विक्रेत्याकडे जमा केले, पावती घेतली आणि ठाण्यात लेखी कळवले. जमा केले म्हणजे मालकी गेली असे नाही. ठरलेल्या मुदतीत वारस स्वतःच्या नावे परवाना मिळवून ते परत घेऊ शकतो, किंवा हक्काच्या परवानाधारकाला विकून पैसे घेऊ शकतो. मुदत टळली तर मात्र ते सरकारजमा होऊ शकते.

थोरल्या दादाला वारस म्हणून अर्ज करता आला असता. पण आई एका वाक्यात म्हणाली, "घरात लेकरं हायत, ते हितं नगं." दादानेही हट्ट धरला नाही.

मग विकायचे ठरले, तेव्हा धाकट्या बहिणीने वेगळाच मुद्दा काढला. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. मग आपण हे विकून पैसे घ्यायचे का? दोन संध्याकाळ यावर बोलणे झाले. शेवटी सर्वांना पटले ते असे, की नफ्यासाठी घेणे-विकणे हा व्यापार. वडिलांनी नोकरीसाठी घेतलेले हत्यार कायद्याच्या वाटेने घराबाहेर काढणे हा व्यापार नव्हे. पण मग त्याला व्यापाराचे वळणही लागू द्यायचे नाही. वस्तूची रास्त किंमत घ्यायची, आणि ती कोणाच्या हाती जाते ते पाहायचे. ही अट आम्हीच आम्हाला घातली.

आता रास्त किंमत काढायची कशी? १९९८ ची पावती होती, पण त्या आकड्याचा काही उपयोग नाही. विक्रेत्याने समजावले की दोन टोके आधी धरावीत. वरचे टोक म्हणजे तसल्याच नव्या रिव्हॉल्वरची करासहित किंमत. जुन्याला नव्याइतके कोणी देत नाही. खालचे टोक म्हणजे दुकानदार आज रोख देईल ती रक्कम. त्याला पुढे विकायचे असते, म्हणून तो कमीच देणार. त्याने आम्हाला ३५ हजार सांगितले. खरी किंमत या दोहोंच्या मधे, आणि नेमकी कुठे ते हत्याराच्या प्रकृतीवर.

म्हणून तपासणी करून घेतली, तीही जाणकाराच्याच हातून. नळीच्या आतले आटे झिजलेत का, गंजाचे खड्डे पडलेत का, गोळ्यांची चक्री फिरून नेमकी जागेवर अडकते की हलते, घोडा आणि चाप बरोबर चालतात का, वरचे निळसर पॉलिश मूळचेच आहे का, हे सगळे बघतात. सर्वांत आधी हत्यारावर कोरलेला नंबर परवान्यातल्या नंबराशी जुळवतात. नंबर जुळला नाही तर बाकीचे सगळे व्यर्थ. आप्पांच्या रिव्हॉल्वरची नळी स्वच्छ निघाली, मुठीजवळ तेवढे पॉलिश उडालेले. पुण्याच्या दुसऱ्या एका विक्रेत्यालाही विचारले, कारण जो घेणार त्याच्याच तोंडची किंमत शेवटची मानू नये. दोन्ही मते जमेस धरून आम्ही ५५ हजार मागायचे ठरवले.

विलायती असते तर गोष्ट निराळी होती. १९८० च्या दशकात खाजगी लोकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, तेव्हापासून जुन्या इंग्रजी रिव्हॉल्वरांचा भाव टंचाईने चढला. लोक ते भाव ऐकतात आणि आपल्याही वस्तूला तेच लावून बसतात. देशी बनावटीची तुलना देशीशीच करावी.

बातमी फुटल्यावर माणसे येऊ लागली. एक दलाल दीड लाख रोख देतो म्हणाला, फक्त कागद नकोत. "हरवले म्हणून सांगा," असा सल्लाही दिला. दादाने त्याला चहासुद्धा विचारला नाही. बिनपरवाना माणसाला हत्यार विकणे हा तुरुंगाचा गुन्हा. त्या हत्याराने उद्या कोणाचा जीव गेला तर नंबर आमच्या आप्पांच्याच नावावर निघणार.

दुसरे एक ठेकेदार आले. त्यांचा परवाना होता, आणि त्यांनी आपणहून ८० हजार सांगितले. दादाची थोरली मुलगी नर्सिंगला लागलेली, फी आणि वसतिगृह दोन्ही भरायचे होते. आमचे मन हलले, हे खरे. पण बोलता बोलता ते म्हणाले की लग्नात, मिरवणुकीत दोन बार काढल्याशिवाय रुबाब नाही. २०१९ च्या दुरुस्तीने असा गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. वरचे २५ हजार रिव्हॉल्वरचे नव्हतेच, ते रुबाबाचे होते. आईने हात जोडून त्यांना नको म्हटले.

आमच्यातच एक मत असेही होते की आप्पांच्या नावाचे काही जास्त मागावे. या मागे भावना आहे. इंग्रजांनी १८९० च्या दशकात आपल्या लोकांची सैन्यभरती बंद केली, त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे ते दार पुन्हा नीट उघडले. अशा समाजातल्या माणसाच्या कमरेला सरकारी परवान्याचे हत्यार होते, याचा आम्हाला अभिमान आहे. पण तो घेणाऱ्याच्या पदरी कसा घालणार? आप्पांचे पदक आणि सेवापुस्तक आमच्याकडे आहे. अभिमान तिथे राहील.

शेवटी सोलापूर जिल्ह्यातलेच एक निवृत्त जवान आले. रोकड गाडीवर नोकरी, परवान्यात रिव्हॉल्वरची नोंद. त्यांनी घासाघीस करून ५२ हजार सांगितले, आम्ही मान्य केले. लेखी परवानगी, दोघांच्या सह्या, दुकानदाराच्या वहीत नोंद, पैसे बँकेतून. २०२३ च्या जूनमध्ये फी भरली. वसतिगृहासाठी दादाला पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही.

कोणा वाचकाच्या घरी निवृत्त जवानाचे किंवा पोलिसाचे असे हत्यार असेल, तर त्यांनी हयातीतच विचार करावा. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाची वयाची ७० वर्षे झाली, किंवा हत्यार बाळगून २५ वर्षे झाली, तर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. कोणालाच नको असेल तर स्वतः विकून मोकळे व्हावे. मात्र घेणाऱ्याचे नाव-पत्ता आधी लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. परवाना, खरेदीची पावती आणि जमा केल्याच्या पावत्या एका जागी ठेवा आणि ती जागा घरच्या बाईमाणसाला माहीत असू द्या. आमच्या आईला तो पत्र्याचा डबा माहीत होता, म्हणून आमचे काम सोपे झाले.