चाकांचंही माप असतं, बरं का!

मैत्रिणींनो, ब्लाउज शिवायला टाकताना आपण शिंप्याला किती वेळा बजावतो! बाही बोटभर आखूड झाली तर तो त्याच्या अंगावर परत टाकतो. कुकरची रिंग आणायची तर जुनी रिंग पिशवीत घालून नेतो, कारण दुसऱ्या कंपनीची रिंग झाकणात बसते खरी, पण शिटी काही होत नाही, वाफ बाजूनेच निघून जाते. हे सगळं कळणाऱ्या मी, नवी चाकं लावलेली गाडी दारात उभी राहिली तेव्हा काय केलं? तांब्याभर पाणी ओवाळून टाकलं आणि चाकांना हळदकुंकू लावलं. माप विचारलं नाही.

आमची स्विफ्ट २०१६ ची, खालच्या मॉडेलची. साधी लोखंडी चाकं आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या. त्यातल्या दोन टोप्या खड्ड्यांनी केव्हाच गिळल्या होत्या. दिवाळीआधी आमचे हे कामासाठी नागपूरला गेले ते अलॉयची चकाकती चाकं चढवूनच वडशाला परतले. बावीस हजार चाकांचे, टायरचे वेगळे. त्याच महिन्यात माझी भिशी लागली होती आणि ओट्याला ग्रॅनाइट बसवायचं ठरलं होतं. पुढचं तुम्ही समजून घ्या.

दिवाळी झाली की आमच्या वडशाला नाटकांचे दिवस येतात. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचं हे मुख्य ठिकाण. इथे त्यांची ऑफिसं आहेत, आणि होळीपर्यंत गावोगावच्या मंडईला, शंकरपटाला रात्रभर नाटकं चालतात. आमच्या सासूबाईंना त्याचं भारी वेड. आरमोरीच्या पलीकडे नाटक होतं. हे, मी, सासूबाई, सून आणि तीन वर्षांचा नातू, असे पाचजण निघालो. जातानाच सत्तरच्या पुढे गाडी गेली की स्टिअरिंग थरथरायचं आणि गतिरोधकावर मागून ‘खर्र’ असा आवाज यायचा. मी म्हटलं, "अहो, काहीतरी घासतंय." हे म्हणाले, "नवे टायर आहेत, बसतील हळूहळू." जणू काही नवी चप्पलच!

पहाटे चार वाजता परत येताना जंगलाच्या पट्ट्यात ‘खट खट’ सुरू झालं. आधी सावकाश, मग भराभर. गाडी थांबवली. आता आमच्या भागात त्या वेळी रस्त्यावर उतरणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कसं कळणार? २०२२ च्या ऑक्टोबरात माणसं मारणारा एक वाघ ह्याच वडशाच्या जंगलात पकडला होता. सुनेने लेकराला पदराखाली घेतलं, सासूबाईंनी देवाचं नाव सुरू केलं आणि मी मोबाइलचा उजेड धरून ह्यांच्या पाठीशी उभी राहिले. मागच्या डाव्या चाकाचे चार नट. त्यातले दोन ह्यांनी नुसत्या बोटांनी फिरवले! हे एक शब्द बोलले नाहीत. पान्याने नट आवळले आणि तीसच्या वेगाने घरी आलो. ते अंतर आयुष्यात इतकं लांब कधी वाटलं नव्हतं.

सकाळी इथल्याच एका मिस्त्रीकडे गाडी नेली. मीही गेले, हट्टाने. त्याने चारही चाकं काढून ओळीने मांडली आणि म्हणाला, "काकू, चाक चढलं म्हनजे बसलं, असं नसते जी."

मग त्याने दाखवलं ते तुम्हालाही सांगते. घरी जाऊन मी ते वहीत लिहून ठेवलं.

चाकाला जी चार भोकं असतात, त्यांच्या मध्यांवरून एक वर्तुळ काढलं तर त्याचा जो व्यास, तो गाडीच्या हबशी तंतोतंत जुळावा लागतो. स्विफ्टचा १०० मिलिमीटर. फियाटच्या कितीतरी गाड्यांचा ९८. फरक फक्त दोन मिलिमीटरचा, म्हणून रेटून बसवणारेही असतात, आणि मग नट कायम तिरके ओढलेले राहतात. आमचं हे माप बरोबर होतं. चुकलं होतं मधल्या भोकाचं. स्विफ्टच्या हबचा मधला गोल ५४.१ मिलिमीटरचा, आणि बाजारची चाकं पुष्कळ गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात. आमच्या चाकांचं ७३.१ होतं. मधली जागा भरायला एक रिंग घालावी लागते. प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, किंमत काही शेकडा रुपये. ती दुकानदाराने घातलीच नव्हती, त्यामुळे चाक नेमकं मध्यावर बसलंच नव्हतं. थरथर तिथली. पुन्हा तेच, कुकरच्या रिंगेचंच दुखणं!

नटांचं आणखी निराळं. नटाचं बूड कुठे शंकूसारखं निमुळतं, कुठे गोलाकार, कुठे सपाट, आणि चाकाच्या भोकाची बैठकही तशीच हवी. आमच्या चाकांना निमुळते हवे होते, लावले होते गोल बुडाचे. ते कडेच्या बारीकशा रेषेवर टेकतात आणि धक्क्यांनी सैल होतात. आट्यांचंही माप असतं. मारुतीच्या नटाच्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५, दुसऱ्या कितीतरी गाड्यांचं १.५. नजरेला काही कळत नाही. दोन फेरे जाऊन नट अडला, की समजावं. जोर लावला तर आटे जातात.

आणि टायर. जुन्या टायरवर १६५/८० आर १४ असं छापलेलं होतं. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, उंची तिच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. हिशेब केला तर पूर्ण चाक सुमारे ६२० मिलिमीटरचं होतं. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतात, ते भरतात साधारण ६२१. बघा, रिम इंचाने वाढली तरी चाक तेवढंच राहिलं. आम्हाला दिले होते २०५/६५, ते भरले ६४७. शिवाय रिमची बैठक अशी होती, की चाक जुन्यापेक्षा बाहेर आलं होतं. ह्या बैठकीचं अंतर रिमवर ‘ईटी’ पुढे मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं. आकडा कमी असेल तितकं चाक बाहेर येतं. दुकानात रिकाम्या गाडीला काही लागलं नाही. पाच माणसं बसली, मागची बाजू दबली आणि टायर मडगार्डला घासू लागला.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "छोट्या गाडीचे डबे मोठ्या रुळांवर चालले होते का?" खरंच की! वडशावरून पूर्वी अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी जायची. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले, तेव्हा जुना एक डबाही कामाला आला नाही.

दुरुस्ती अशी झाली. रिंगा घातल्या, निमुळत्या बुडाचे सोळा नट नवे घेतले, टायर १८५ चे केले. जुन्या टायरांचे अर्धेच पैसे परत मिळाले, तेही मी स्वतः दुकानदाराला फोन केल्यावर. टायर अरुंद झाले आणि घासणं थांबलं. मिस्त्रीने चाक अधांतरी असताना नट समोरासमोर आवळले, मग गाडी खाली टेकवून मोजमापाच्या पान्याने, पुस्तकात दिलेल्या जोरानेच. पायाने पान्यावर उभं राहून आवळू नये, असं बजावलं. नवी चाकं बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरवर नट एकदा पुन्हा तपासायचे असतात. नागपूरहून येताना आमच्या ह्यांनी वाटेत चहा दोनदा घेतला होता, नटांना हात एकदाही लावला नव्हता.

आणखी एक. स्टेपनी अजून जुनीच, लोखंडी आहे. तिला जुनेच नट लागतात, म्हणून चार नट डिकीत वेगळ्या डबीत ठेवले आहेत. विम्याच्या कंपनीला नवी चाकं कळवून पॉलिसीवर नोंद करून घेतली. आणि खड्ड्यात लोखंडी चाक वाकतं, ते ठोकून सरळ होतं. अलॉयला तडा जाऊ शकतो. आमच्याकडच्या रस्त्यांवर शोभा की टिकाऊपणा, हे मला विचारलं असतं तर मी टोप्याच नव्या घेतल्या असत्या. पण विचारलं कुणी?

वहीचं ते पान मी ब्लाउजांच्या मापांच्या पुढेच ठेवलं आहे. परवा पुन्हा नाटकाला गेलो तर आरमोरीच्या चौकात ह्यांनी स्वतःहून गाडी थांबवली, पाना काढला आणि सोळाही नट बघितले. उरलेल्या चार जुन्या डिस्का परसात पडून आहेत. एकीवर सासूबाईंनी तुळशीची कुंडी ठेवली आहे. ओट्याचं ग्रॅनाइट पुढच्या भिशीला.