लागरफ्ल्योटचा सर्प

१/ पूर्व आइसलँडमध्ये लागरफ्ल्योट नावाचे लांबट, गढूळ सरोवर आहे. लोककथा सांगते की, सोने वाढावे म्हणून एका मुलीने पेटीत एका किड्याखाली अंगठी ठेवली. थोड्याच दिवसांत किडा इतका फुगला की पेटी फुटू लागली. भेदरलेल्या मुलीने सोन्यासह तो पाण्यात भिरकावला. तोच पुढे सरोवरातील महासर्प झाला.

२/ या पाण्यातील अद्भुताची नोंद १३४५ सालच्या वृत्तांतात आढळते. पाण्यावर बेटांसारखे उंचवटे दिसत. डोके वा शेपूट मात्र कोणालाच दिसले नाही.

३/ २०१२ साली बर्फाळ पाण्यात वळवळणाऱ्या आकृतीचे चित्रीकरण गाजले. २०१४ मध्ये स्थानिक समितीच्या १३ सदस्यांपैकी ७ जणांनी ते खरे मानले.

४/ तोवर सरोवर बदलले होते. अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला वीज पुरवणाऱ्या कारान्युकार प्रकल्पाने दुसऱ्या नदीचे हिमगाळाने भरलेले पाणी त्यात वळवले होते. पाणी अधिक गढूळले, प्रकाश खोलवर पोहोचेना, मासे घटले.

५/ सर्प खरा की खोटा, यावर मतदान झाले. माशांचे घटणे मात्र मतदानावाचूनच खरे होते. धातूच्या हव्यासाचा भार पाण्यावर टाकणारी ती मुलगी केवळ लोककथेतली उरत नाही.