शेतात सापडलेली टाचणी

लेस्टर शहराच्या पश्चिमेला गव्हाची कापणी झाली की शेते काही आठवडे नुसत्या खुंटांनिशी पडून असतात. धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांचा हाच हंगाम. सोलापुरात चाळीस वर्षे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ अशाच दिवसांत मुलाकडे राहावयास गेले होते. दशलक्षण पर्व आठवड्यावर आले होते. चौदा वर्षांच्या नातवाने मित्राकडून एक धातुशोधक यंत्र उसने आणले आणि आजोबांना बरोबर चलण्याचा आग्रह धरला. चातुर्मासात जमीन उकरणे आजोबांना मुळीच रुचले नव्हते. पृथ्वीकायिक जीवांविषयी त्यांनी दोन शब्द सांगूनही पाहिले. परंतु मुलगा एकटा रानात जाणार, त्यापेक्षा आपण सोबत असलेले बरे, असा विचार करून ते निघाले.

तासाभरात बाटलीची झाकणे, एक गंजका बोल्ट आणि शिशाची एक गोळी एवढेच हाती आले. मग वीतभर खोलीवर हिरवट रंगाची एक काडी निघाली. लांबी सुमारे सहा सेंटिमीटर, एक टोक अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला वाटाण्याहून लहान असे पैलूदार डोके. मधोमध काडी किंचित फुगीर होती. मुलाने खड्डा बुजवला. आजोबांनी खिशातील छोटी वही काढून सवयीने नोंद केली: फाटकापासून कुंपणाच्या कडेने ओकच्या झाडापर्यंत, तेथून आत सरळ एकशे बारा पावले. माल कोठून आला हे लिहिल्याशिवाय तो आत घ्यायचा नाही, ही दुकानाची शिस्त अंगात मुरलेली होती.

घरी आल्यावर मात्र याच अनुभवी माणसाच्या हातून चूक झाली. तांब्यावरचा हिरवा थर म्हणजे कळंक, आणि कळंक म्हणजे घासून काढण्याची वस्तू, हे सोलापुरात शिकलेले. सूनबाईंच्या स्वयंपाकघरातून चिंच घेऊन, मीठ लावून, त्यांनी टाचणीच्या डोक्याची एक बाजू चांगली चोळली. खालून तांबूस धातू चमकला. नातू खूश झाला. मग जेवणाची हाक आली, म्हणून दुसरी बाजू तशीच राहिली. ती हाक आली हे नशीबच म्हणावयाचे.

ही वस्तू काय असावी, यावर दोन दिवस चर्चा चालली. सोने-चांदी नाही हे आजोबांनी पाहताक्षणीच सांगितले होते. कांशाच्या जातीचा मिश्रधातू असावा, असा त्यांचा अंदाज होता. मुलाच्या मते तो खोगिराचा जुना खिळा होता. सूनबाईंना केसांत खोवण्याचा आकडा वाटला. आजोबांच्या मनात मात्र मूडबिद्रीला पाहिलेल्या ताडपत्रांच्या पोथ्या होत्या आणि ती पाने कोरणारी अणकुचीदार लेखणी. मधला फुगवटा बोटांची पकड बसावी म्हणून असेल, असे त्यांनी नातवाला पटवूनही दिले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वस्तूंची नोंद ठेवणारी एक योजना 1997 पासून चालू आहे. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली ठिकठिकाणी अधिकारी नेमलेले असतात. सामान्य माणसाने वस्तू दाखवावी, त्यांनी ती ओळखून, मोजून, छायाचित्र घेऊन नोंदवावी आणि परत करावी. आजवर दहा लाखांहून अधिक वस्तू तेथे नोंदल्या गेल्या आहेत. पर्वाच्या दुसऱ्या दिवशी आजोबा-नातू तेथील अधिकारी बाईंपुढे बसले.

बाईंनी भिंगाखाली पाहून सांगितले, की ही लेखणी नव्हे. रोमन काळातील मेणाच्या पाटीवर लिहिण्याच्या लेखणीचे दुसरे टोक चपटे असते, लिहिलेले पुसण्यासाठी. नंतरच्या काळातील साध्या टाचण्या ओळखणे त्याहून सोपे. त्यांचे डोके बारीक तार गुंडाळून केलेले असते. ही अँग्लो-सॅक्सन लोकांची वस्त्रात खोवण्याची टाचणी, आठव्या-नवव्या शतकातील. पैलूदार डोके ही त्या काळाची खूण, आणि मधला फुगवटा कापडात अडकून टाचणी निसटू नये म्हणून. आजोबा हसले. भांडीवाल्याऐवजी शेजारचा कापडवाला आला असता तर त्याला हे आधी कळले असते! पण लगेच त्यांचे मन दुसरीकडे गेले. आचार्य वीरसेनांनी धवला टीका पूर्ण केली तीही नवव्या शतकाच्या आरंभीच. इकडे राष्ट्रकूटांच्या राज्यात ते लेखन चालले असताना तिकडे त्या थंड शेतातून जाणाऱ्या कोणाच्या तरी अंगावरून ही टाचणी गळून पडली होती.

मग बाईंनी डोके फिरवले. न घासलेल्या पैलूंवर बारीक वर्तुळे आणि त्यांच्या मध्यभागी ठिपके स्पष्ट दिसत होते. घासलेल्या बाजूला काहीच नव्हते. जमिनीत शतकानुशतके राहिलेल्या तांब्याचा मूळ पृष्ठभाग बहुधा त्या हिरव्या थरातच टिकलेला असतो. थर गेला की नक्षीही जाते. बाई रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, की पुढच्या वेळी माती लागलेली तशीच आणा. आजोबांना दुकानाच्या मागील खोलीतील मोडीचा ढीग आठवला. ठिपक्या-ठिपक्यांनी नावे कोरलेले तांबे, घागरी, पूजेची ताम्हने. कोणाच्या आजीचे नाव, कोणाच्या लग्नाचे साल. ते सारे वजनावर घेतले आणि भट्टीला पाठवले. एकही नाव उतरवून ठेवले नव्हते.

वहीतील नोंद पाहून मात्र बाईंचा चेहरा उजळला. वस्तू कोठे सापडली हे नसेल तर तिची निम्मी गोष्ट हरवते. लेस्टरशायरमध्ये हे सर्वांना ठाऊक आहे. 1485 मधील बॉस्वर्थची लढाई एका टेकडीवर झाली असे वर्षानुवर्षे मानले जाई. 2009-10 च्या सुमारास धातुशोधक यंत्रांनी केलेल्या पाहणीत तेथून काही किलोमीटरवर तोफा-बंदुकांचे गोळे आणि राजा तिसरा रिचर्ड याचे चिन्ह असलेला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला एक छोटा रानडुक्कर सापडला, आणि रणभूमीची जागाच बदलली.

त्यानंतर बाईंनी सहज विचारले, की शेत कोणाचे आणि परवानगी कोणी दिली? नातू खाली पाहू लागला. तेथे सगळेच जातात, असे मित्राने सांगितले होते. कायद्याने ही टाचणी ‘खजिना’ ठरत नव्हती. 1996 च्या कायद्यानुसार एकट्या वस्तूला साधारणतः तीनशे वर्षांहून अधिक वय आणि किमान 10 टक्के सोने वा चांदी लागते. म्हणून सरकारचा तिच्यावर हक्क नव्हता. पण जमिनीत सापडलेल्या अशा वस्तूवर पहिला हक्क जमीनमालकाचा. (आपल्याकडील 1878 चा कायदा याहून कडक आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.)

परतताना नातू म्हणाला, “आजोबा, ती मला सापडली आहे.”

“सापडली, बाळा. दिली कोणी नाही.”

पडलेले, विसरलेले, ठेवलेले परधन न दिले असता न घेणे, हे अचौर्य अणुव्रताचे स्वरूप त्यांनी लहानपणी पाठशाळेत पाठ केले होते. ‘आपल्या नकळत झाले’ म्हणून ते सोडून देता आले असते. तीन ग्रॅमची तांब्याची काडी, बाजारात फार किंमतही येणार नाही. परंतु फाटक उघडताना मालक कोण हे आपणही विचारले नाही, ही गोष्ट त्यांना टोचत होती. दुसऱ्या दिवशी उत्तम आर्जवाची पूजा आटोपून ते नातवाला घेऊन त्या शेतकऱ्याच्या दारी गेले.

शेतकऱ्याने टाचणीपेक्षा फाटकाची चौकशी आधी केली. परवा ते उघडे राहिले होते आणि शेजारची मेंढरे आत शिरली होती. आजोबांनी हात जोडून क्षमा मागितली. मग त्याने टाचणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. नोंदीसाठी शेताचे ठिकाण देण्यास त्याने होकार दिला आणि टाचणी स्वतःकडे ठेवली. खिडकीतल्या काचेच्या बशीत, जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. नातवाला वाटले होते, की खरे सांगितल्यावर तो ती बक्षीस देईल. गोष्टींमध्ये तसे होते.

मुलगा पाच-सहा दिवस आजोबांशी धड बोलला नाही. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून आल्यावर आजोबांनीच त्याच्यापुढे हात जोडले. तू आणलेल्या वस्तूची अर्धी नक्षी मी घालवली, ते राहून गेले होते, असे ते म्हणाले. मुलगा गोंधळला. थोड्या वेळाने त्याने आजोबांकडे ती वही मागितली, आणि फाटक, ओकचे झाड, एकशे बारा पावले हे सारे आपल्या वहीत उतरवून घेतले. खाली त्याने मोकळ्या राहिलेल्या पैलूंवरील वर्तुळे आठवून काढली. तीन निघाली, चौथ्याविषयी त्याची खात्री नव्हती.