सातवी पायरी

माझं लिखाण वाचणाऱ्यांच्या हाताला बहुधा ग्रीस लागलेलं असतं. ते खुर्चीत बसून वाचत नाहीत, पहिल्या पानापासून वाचत नाहीत आणि वाचून झाल्यावर लेखकाचं नाव तर कुणीच शोधत नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात मी हायड्रॉलिक प्रेसची मॅन्युअल लिहिते. मशीन कसं उभारायचं, कसं चालवायचं, बंद पडलं तर काय बघायचं आणि उघडताना हातपाय कसे शाबूत ठेवायचे, हे सगळं त्यात येतं. पुण्यात हे सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे भाषांतर का?" निम्म्या नातेवाइकांची अजून तीच समजूत आहे. आता मीही ती दूर करायला जात नाही.

शिक्षण मेकॅनिकलच्या डिप्लोमाचं, पण लिहायची हौस त्याच्याही आधीची. पेठेतल्या शाळेत निबंधाची बक्षिसं मिळवलेली. आमच्या बाईंचा दंडक असा की एक शब्द लागोपाठ दोनदा आला की लाल रेघ. पहिल्या ओळीत सूर्य उगवला तर दुसरीत भास्कर आणि तिसरीत दिनकर. पुढे डिझाइन विभागात ड्रॉइंगं करत असताना मॅन्युअल लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि "मॅडम, तुमची भाषा चांगली आहे" या एका वाक्यावर ते काम माझ्या टेबलावर आलं. या कामात चांगल्या भाषेचीच आधी अडचण होते, हे तेव्हा कुणी बोललं नाही. ज्या वस्तूला दुसऱ्या पानावर झडप म्हटलं तिला शेवटच्या पानापर्यंत झडपच म्हणायचं. मध्येच व्हॉल्व्ह, मध्येच कॉक लिहिलं की वाचणारा आणखी दोन वस्तू शोधत मशीनभोवती फिरतो. भास्कर आणि दिनकर तिथेच मावळले.

इंग्रजी मॅन्युअलसाठी शिस्त शिकायला बाहेर बरंच काही तयार होतं. विमानांच्या देखभालीसाठी 1980च्या दशकात युरोपात एक नियंत्रित इंग्रजी बेतलं गेलं, कारण विमान दुरुस्त करणाऱ्या कित्येक मेकॅनिकांची ती मायबोली नव्हती. आज ते एएसडी-एसटीई100 या नावाने चालतं. मोजके मान्य शब्द, एका शब्दाला एकच अर्थ, कृती सांगणाऱ्या वाक्यात जास्तीत जास्त वीस शब्द आणि एका वाक्यात शक्यतो एकच कृती. वाचताना आधी राग आला. लिहिण्याचं हे कसलं शिवणकाम, असं वाटलं. पण तशी पानं लिहायला लागल्यावर इंजिनिअरांकडून परत येणाऱ्या शंका कमी झाल्या.

मराठीसाठी असा तयार साचा हाताशी नव्हता, आणि मराठीची खोड निराळी आहे. "झडप बंद करून, दाब उतरल्याचे पाहून, नळी सोडवावी." शाळेत या वाक्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. तीन कामं, क्रम बरोबर, एकही शब्द वाया नाही. मात्र वाक्याचं वजन पडतं ते शेवटच्या क्रियापदावर. घाईत असलेला माणूस ओळीवरून नजर फिरवतो, 'नळी सोडवावी' एवढं उचलतो आणि पान्याला हात घालतो. 'करून' आणि 'पाहून' ही कामं त्याच्या लेखी झालेलीच असतात. म्हणून मी मराठीत ऊन-प्रत्यय जवळजवळ बंद केला. झडप बंद करा. काटा पाहा. काटा शून्यावर असेल तरच नळी सोडवा. वाचायला रुक्ष आहे, कबूल. पण प्रेसखाली हात घालणाऱ्याला लय नको असते.

हे मला दाखवलं आमच्याकडच्या एका जुन्या फिटरने. सगळे त्यांना काका म्हणत. मी एक पान छापून त्यांच्याकडे द्यायची आणि शेजारच्या स्टुलावर गप्प बसायची. गप्प बसणं हाच त्यातला अवघड भाग. काका पायरीच्या आकड्यावर डाव्या हाताचा अंगठा ठेवत, ओळ वाचत, मग मशीनकडे वळून काम करत आणि परत येऊन अंगठा शोधत. कागदावर अंगठ्याचे काळे ठसे पायरीपायरीने खाली उतरत. एखाद्या पायरीवर दोन-तीन ठसे एकावर एक दिसले की समजायचं, इथे माणूस अडला. कधी ते ओळ वाचून वरच्या ओळीकडे परत जात. त्याचा अर्थ इशारा खालच्या ओळीत राहिला होता. काम केल्यावर काय दिसायला हवं हे लिहिलेलं नसलं की ते मशीनपाशी उगाच रेंगाळत. दिवा विझायला हवा? आवाज थांबायला हवा? मग मी प्रत्येक महत्त्वाच्या पायरीखाली बारीक अक्षरात त्याची खूणही लिहायला लागले. कुठल्याही कोर्सपेक्षा ते काळे ठसे मला जास्त उपयोगी पडले. एकदा मी विचारलं, "काका, भाषा कळते ना?" म्हणाले, "भाषेचं काय घेऊन बसलात मॅडम, आकडा मोठा करा. चष्मा दर वेळी कोण लावतंय?" पुढच्या आवृत्तीत आकडे दुपटीने मोठे झाले.

यंत्र वापरणाऱ्यासाठी मराठीत लिहिणं ही काही आमची नवी टूम नव्हे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बाजारात आला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नुसता माल चांगला असून भागणार नव्हतं, तो समजावून सांगावा लागणार होता. शं. वा. किर्लोस्करांनी 1920 साली किर्लोस्करवाडीत 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी. 'किर्लोस्कर' मासिक म्हणून वाङ्मयाच्या इतिहासात त्याचं नाव आलं ते नंतर. आपण त्या इतिहासातल्या कथा-लेखांवर भरभरून बोलतो. ज्यांनी नांगराचा फाळ कसा बसवायचा हे लिहिलं असेल त्यांच्यावर कुणी पीएच.डी. करत नाही.

कायद्याची गंमत तर पुढेच आहे. 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाने अधिनियमाचं कलम 108 सांगायचं की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी लावल्या पाहिजेत. म्हणजे भिंतीवरचा कागद मराठीत असावा लागायचा. कपाटातल्या मॅन्युअलबद्दल त्या कलमात काही नव्हतं. उलट आमचा प्रेस जर्मनीला जातो तेव्हा युरोपच्या यंत्रविषयक निर्देशानुसार त्याच्याबरोबर जर्मन पुस्तक गेलंच पाहिजे. तोच प्रेस आमच्या जवळच चाकणला जायचा तेव्हा सोबत फक्त इंग्रजी. तिथे मशीनवर उभी असायची मराठवाड्यातून आलेली आयटीआयची मुलं आणि बिहार-उत्तर प्रदेशातले हेल्पर. जर्मन फिटरची काळजी ब्रुसेल्सने वाहिली होती, आमच्या पोरांची कुणी वाहायची? मी हा सवाल बरेच दिवस करत राहिले. निर्णय शेवटी एका गिऱ्हाइकाच्या मेंटेनन्स प्रमुखाने मराठी प्रत मागितल्यावर झाला. तत्त्वापेक्षा पर्चेस ऑर्डर लवकर पटते.

त्या मराठी मॅन्युअलमध्ये डाय बदलण्याचं प्रकरण लिहिताना सातव्या पायरीपाशी मी अडले. प्रेसला दाबाचं तेल पुरवणाऱ्या पॉवर पॅकला अॅक्युम्युलेटर असतो. त्यात नायट्रोजन भरलेला असतो आणि तो तेलाचा दाब साठवून ठेवतो. पंप बंद केला, वीज तोडली, मेन स्विचला कुलूप घातलं, तरी आतला दाब जागेवरच. दोनशे बारला एखादी नळी सैल झाली तर बारीक भोकातून निघालेलं तेल कातडी भेदून आत शिरतं; जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि बोट जायची वेळ येते. म्हणून सातवी पायरी अशी: दाब सोडणारी झडप उघडा, काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात झडप होती पॉवर पॅकच्या मागे आणि काटा पुढे. झडपेशी असलेल्या माणसाला काटा दिसत नसे.

मी लिहायला बसले. एकाने झडप उघडावी, दुसऱ्याने काटा पाहावा. दुसऱ्याने शून्य झाल्यावर आवाज द्यावा. पण शॉपमध्ये शेजारचे प्रेस चालू असताना आवाज ऐकू येतो थोडाच? मग हाताची खूण करावी. पण खूण करणारा पुढे, बघणारा मागे. मग एक आकृती. मग तिसऱ्या पाळीत माणूस एकटा असेल तर काय, यासाठी वेगळा परिच्छेद. वर लाल चौकटीत धोका. सातवी पायरी पानभर झाली. डिझाइनच्या साहेबांकडे घेऊन गेले तर ते म्हणाले, "जरा नीट शब्दांत बसवा ना. तुम्हाला जमेल."

पाच वर्षांपूर्वी असं कुणी म्हणालं असतं तर मी खूश होऊन परत लिहायला बसले असते आणि कदाचित ते अर्ध्या पानात बसवलंही असतं. त्या दिवशी मात्र मी आयएसओ 12100 उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. यंत्राची जोखीम कमी करण्याचा क्रम त्यात स्पष्ट आहे: आधी रचनाच निर्धोक करा, ते पुरलं नाही तर गार्ड आणि संरक्षक साधनं लावा, त्यानंतरही जे उरेल तेवढ्यापुरती वापरणाऱ्याला माहिती द्या. म्हणजे माझा नंबर तिसरा, सगळ्यात शेवटचा. हे मानक मी कितीदा तरी संदर्भ म्हणून मॅन्युअलच्या शेवटी छापलं होतं. त्याचा माझ्या टेबलाशी काय संबंध, ते सातव्या पायरीने समजलं. जे वाक्य सरळ लिहिता येत नाही तिथे पुष्कळदा मशीनच चुकलेलं असतं, लेखणीचा त्यात दोष नसतो.

साहेब चिडले, हे सांगायला हवं. मॅन्युअलवालीने ड्रॉइंगमध्ये बोट घालायचं हे त्यांना पचलं नाही. दोन दिवसांनी तेच काकांना घेऊन मशीनपाशी गेले आणि स्वतः मागे वाकून झडप उघडून आले. बदल फारसा खर्चाचा निघाला नाही. झडपेच्या ब्लॉकवरच दुसरा गेज बसवला. पुढच्या मॉडेलमध्ये तर वीज तुटली की दाब आपोआप टाकीत सोडणारी झडप आली. पानभर मजकूर गेला आणि सातव्या पायरीत एवढंच उरलं: काटा पाहा. शून्यावर नसेल तर काम थांबवा, सुपरवायझरला बोलवा.

तोवर मी वार्षिक आढाव्यात किती पानं लिहिली त्याचा आकडा द्यायची. जाड मॅन्युअल म्हणजे भरीव काम, असं व्यवस्थापनालाही वाटे. आता तो रकाना भरताना पंचाईत होते. माझी उत्तम कामगिरी म्हणजे छापून न आलेली पानं. ती मोजायची कशी? एचआरच्या फॉर्ममध्ये तशी सोय नाही. पण डिझाइनची मुलं आता ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी मला बोलावतात, "मॅडम, हे लिहिता येईल का बघा" म्हणतात. मी बहुतेक वेळा लिहीत नाही, विचारते. हे फिरवताना दुसरा हात कुठे असेल? हा दिवा उभ्या माणसाला दिसतो की बसलेल्याला? हातमोजे घालून हे बटण दाबता येतं? निबंधाची बक्षिसं मिळवणाऱ्या मुलीला यातला एकही प्रश्न सुचला नसता.

सध्या नवा विषय निघालाय. युरोपचे यंत्रांविषयीचे नवे नियम जानेवारी 2027पासून लागू होतील आणि मॅन्युअल डिजिटल स्वरूपात द्यायची त्यात मुभा आहे. छापील प्रत गिऱ्हाइकाने मागितली तर द्यायची. आमच्या मार्केटिंगला आनंदाचं भरतं आलं. पुस्तक बंद, मशीनवर एक क्यूआर कोड चिकटवायचा, इथल्या गिऱ्हाइकांनाही तोच. मीटिंगमध्ये मी विचारलं, चाकणला कितीतरी कारखान्यांत कॅमेऱ्याचा फोन शॉपवर नेऊ देत नाहीत, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. रात्री दोनला प्रेस बंद पडला तर फिटरने कोड कशाने वाचायचा? थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग एकाने पुणेरी पाटीवरून विनोद केलाच. शेवटी ठरलं ते असं: कोड राहील, पण डाय बदलण्याच्या पायऱ्या पत्र्याच्या पाटीवर कोरून पॉवर पॅकच्या दारावर रिव्हेटने ठोकायच्या, मराठीत आणि हिंदीत. खरेदी विभागाला पाटी पोस्टकार्डाएवढी हवी आहे. मला वहीच्या पानाएवढी हवी आहे, कारण आकडे मोठे लागतात. गुरुवारी पुन्हा बसायचं आहे.