शाळा आधी, घर नंतर

मालेगावहून पुण्याला आलो, तेव्हा शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत हवेशीर घर स्वस्त भाड्याने मिळत होते. अम्मीला ते फार आवडले. पण माझी मुलगी सहावीत, उर्दू माध्यमात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत असावी. माध्यम मात्र आपणच शोधायचे!

मग मी कॅम्प भागात गेलो. तिथे उर्दू शाळा आहेत. शाळा भरताना आणि सुटताना मी फाटकाजवळ उभा राहिलो. मुली रस्ता कुठे ओलांडतात, ते पाहिले. शिपाईचाचांना विचारले, "गणिताचे शिक्षक रोज येतात का? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असते का?" इमारतीच्या रंगापेक्षा अशी उत्तरे मला जास्त खरी वाटतात.

मुलीने एकच प्रश्न विचारला, "अब्बा, इथे दहावीपर्यंत वर्ग आहेत ना?" तिच्या दोन मैत्रिणींची शाळा सातवीनंतर सुटली होती. पुढची शाळा दूर होती, एवढेच कारण.

वर्ग दहावीपर्यंत होते. शाळा सोडल्याचा दाखला देऊन प्रवेश घेतला आणि जवळच दोन लहान खोल्या भाड्याने घेतल्या. अम्मीचे कपाट अजून जिन्याखालीच आहे.