शाळेची पाटी आणि घरचे धर्मशिक्षण

भंडारा जिल्ह्यातील कॅथलिक कुटुंबापुढे शाळेचा प्रश्न उभा राहतो, तो वसईतील बांधवांना काहीसा अपरिचित वाटेल. आमची घरे मोजकी. कोणी आयुध निर्माणीतील नोकरीमुळे जवाहरनगरला आलेले, कोणी वरठीच्या पोलाद कारखान्यामुळे. मिशनच्या शाळेत घातले तरी वर्गात आपले मूल बहुधा एकटेच कॅथलिक असते.

चिरंजीवांची चौथी संपत आली तेव्हा आमच्या घरी दोन तट पडले. सासूबाईंना नागपूर हवे होते. 1870 साली स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेचा लौकिक त्यांनी माहेरी ऐकलेला; मुलाने मावशीकडे राहावे, असा त्यांचा आग्रह. यजमानांना गावातलीच एक नवी शाळा पसंत होती. तिच्या पाटीवर ‘सेंट’ होते. चौकशी करता तिचा ख्रिस्तसभेशी काडीचाही संबंध नव्हता! संतांचे नाव लावायला कोणाची परवानगी थोडीच लागते?

मी मात्र धर्मभगिनींच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिका सिस्टरांना भेटले. धर्मशिक्षण किती, असे विचारले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. आठवड्यातून एक तास, तोही शाळा सुटल्यावर, आणि मुले अवघी चार. संविधानाच्या 28व्या अनुच्छेदानुसार शासनमान्य शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षण घेण्यास भाग पाडता येत नाही. 2024 साली भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही आपल्या शाळांना कळवले, की अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर आपल्या परंपरा लादू नयेत, सकाळच्या सभेत संविधानाची उद्देशिका म्हणावी. हे ऐकून काही पालक हिरमुसतात. मला ते योग्यच वाटते. आपल्या मुलावर कोणी दुसरी उपासना लादलेली आपल्याला तरी चालेल काय?

मग सिस्टरांनीच मला विचारले, “घरी संध्याकाळची प्रार्थना होते ना?”

1983च्या धर्मविधीसंहितेतील 798वे कलम आपण क्वचितच वाचतो. कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत मुलांना घालावे, असे ते सांगते. आणि ते शक्य नसेल तर शाळेबाहेर तशा शिक्षणाची व्यवस्था करण्याचे बंधन पालकांवरच घालते. म्हणजे नागपूर काय नि भंडारा काय, जपमाळ घरातच शिकवायची आहे. उलट मूल मावशीकडे राहिले, तर ती कोण शिकवणार?

तेव्हा मी दुसऱ्याच गोष्टी पाहू लागले. फी थकलेल्या मुलाचे काय करता, या प्रश्नावर सिस्टर म्हणाल्या, “परीक्षेला बसवतो, मग पालकांना बोलावतो.” शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंची मुलगी त्याच शाळेत, पाचवीतच शिकत होती. मराठीच्या बाई मुलांकडून धडा मोठ्याने वाचून घेत होत्या. 2020च्या कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची झाली खरी, परंतु सक्तीची मराठी आणि गोडीची मराठी यांत अंतर असते. आमची प्रार्थना मराठीत आहे. आजीबरोबर पवित्र शास्त्राचा उतारा वाचताना नातू अडखळू नये, एवढी माझी अपेक्षा होती.

चिरंजीव जूनपासून तिथे जातात. रविवारी मिस्सानंतर फादर त्यांचा नि आणखी तिघांचा वर्ग घेतात; रात्री जपमाळेला एक रहस्य त्यांच्या वाट्याला येते. सासूबाई जपमाळ सांगतात, उच्चार सुधारतात, आणि माळ ठेवता ठेवता विचारतात, “नागपूरचे फॉर्म कधी निघतात गं?”