दूरचे यंत्र, आपला पडदा

मराठवाड्यातील आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास हा बराचसा अंतर कापण्याचा इतिहास आहे. बाबासाहेबांना १९१३ साली न्यूयॉर्क आणि १९१६ साली लंडन गाठावे लागले, कारण त्यांना हवी असलेली ग्रंथालये तिथे होती. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपास आले. तेव्हा परभणी, पूर्णा, सेलूकडील मुले पत्र्याची पेटी घेऊन मीटर गेजच्या गाडीने तिकडे गेली. ज्ञान जिथे असेल तिथे देहाने जावे, हाच त्या काळचा नियम होता. आज हा नियम काही अंशी बदलला आहे. तो कसा बदलला, हे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना सांगावे म्हणून हा लेख.

अलीकडे पालक आम्हांला वारंवार विचारतात, “सर, पोरीला पुढं संशोधन करायचंय म्हणती. किती महागाचा संगणक घ्यावा लागंल?” विचारणारे कधी शेतमजूर असतात, कधी ऊसतोडीची उचल घेऊन कारखान्याला जाणारे. या प्रश्नामागे कर्जाची तयारी असते, म्हणून उत्तर जबाबदारीने द्यावे लागते.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक घडविला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी पुण्याचा महासंगणक खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामी येतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली ती दुर्बीण आकाशातून जी माहिती गोळा करते, ती घरच्या संगणकात मावणारी नाही. अशी यंत्रे लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणक २०१७ सालापासून लिनक्सवरच आहेत. पण संशोधक त्या यंत्रासमोर बसत नाही. तो आपल्या साध्या संगणकासमोर बसतो आणि दूरच्या यंत्रावरील प्रोग्रॅमची खिडकी आपल्या पडद्यावर उघडतो.

ही सोय नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली ‘एक्स विंडो सिस्टीम’ जन्मली. प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर उमटावी, हे तिच्या रचनेतच गृहीत होते. मधल्या वाटेवर कोणी डोकावू नये म्हणून १९९५ साली फिनलंडमध्ये ‘एसएसएच’ ही सुरक्षित जोडणी तयार झाली. एसएसएचच्या आज्ञेत ‘वजा एक्स’ हे चिन्ह, आपले नाव व दूरच्या यंत्राचा पत्ता लिहिला आणि परवलीचा शब्द दिला की वाट मोकळी होते. मग प्रोग्रॅमचे नाव टंकावे, खिडकी उघडते. आपला संगणक विंडोजचा असेल तर मोबाएक्सटर्मसारखा एक प्रोग्रॅम आधी बसवावा लागतो.

या रचनेत एक गंमत आहे. एरवी मोठ्या यंत्राला सर्व्हर म्हणतात, पण इथे सर्व्हर आपल्यासमोरचा लहान संगणक असतो. पडदा, कळफलक व माऊस त्याच्याकडे असतात. दूरचे बलाढ्य यंत्र ग्राहक होऊन त्याच्याकडे खिडकी उघडण्याची परवानगी मागते.

एका दिवाळीच्या सुटीत पुण्यात शिकणारी आमची माजी विद्यार्थिनी शाळेत आली. तिने संगणक कक्षातील एका नव्या यंत्रावर लिनक्स बसविले आणि त्यावरील जिओजेब्रा शेजारच्या जुन्या, मंद यंत्रांवर उघडून दाखविले. जी यंत्रे आम्ही भंगारात काढणार होतो, त्यांवर मुले वर्तुळे आणि स्पर्शिका काढू लागली. मग तिने पुण्याचे यंत्र जोडले, तेव्हा मात्र खिडकी रखडू लागली. “सर, या पद्धतीत बारीकसारीक गोष्टीलाही दोन्हीकडून निरोप जातात. शाळेतल्या शाळेत चालतं, लांबून अडखळतं,” ती म्हणाली. लांबच्यासाठी तिने एक्सटूगो वापरले. ते निरोप आवळून पाठवते आणि जोडणी तुटली तरी दूरचे काम बंद पडू देत नाही. सायंकाळी वीज गेली. दीड तासाने ती परतल्यावर तिने पुन्हा जोडणी केली, तर पुण्यातील खिडकी होती तशी समोर आली आणि आकडेमोड बरीच पुढे सरकलेली होती. भारनियमन अंगवळणी पडलेल्या आमच्या मुलांना ही गोष्ट सर्वांत जास्त आवडली.

तिने मुलांना किल्ल्यांची जोडीही समजावली. सार्वजनिक किल्ली दूरच्या यंत्रावर ठेवायची आणि खासगी किल्ली कोणालाही द्यायची नाही, जिवलग मैत्रिणीलाही नाही. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे म्हणजे न दिलेले घेणे. पंचशीलातील दुसरे शील रोज म्हणणाऱ्या मुलांना हे वेगळे सांगावे लागले नाही.

म्हणून पालकांना आमचे उत्तर असे : उचल घेऊन महागडा संगणक आणू नका. साधा, प्रसंगी जुना संगणक आणि बरे इंटरनेट एवढ्यावर सुरुवात होते. त्रिमितीय चित्रांसारख्या काही कामांना हे अपुरे पडेल, पण शिकण्याची वाट त्यामुळे अडत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. दूरच्या यंत्रावर आपल्या मुलीच्या नावाचे खाते हवे आणि ते वापरण्याची विद्या हवी. पहिली गोष्ट संस्थेत प्रवेश मिळवून येते, दुसरी शाळेने द्यायची असते. ती न दिल्यास अंतर मिटल्याचा केवळ भास होईल. यंत्र दोन हातांवर दिसेल आणि दार मात्र बंदच राहील.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला पंखे दिले, कपाटे दिली, संगणक दिले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आता आमचे मागणे एवढेच की वर्षातून सुटीचा एक दिवस द्यावा. ज्या यंत्रांवर आपण नोकरीत वा विद्यापीठात काम करता, तिथवर पोहोचण्याची रीत या मुलांना शिकवावी. आपल्या आधीची पिढी पेटी घेऊन गाडीत बसली, म्हणून आपण शिकलो. पुढच्या पिढीसाठी वाट दाखविणे आपल्याकडे आले आहे.

जय भीम!